पटावर न येणारी मुले : माता-बालकांचे आरोग्य आणि गावची स्वयंसेविका

प्राथमिक शिक्षकाचा बालकाशी पहिला परिचय घडतो तो प्रवेश-निर्गम नोंदवहीच्या पानावर. जून महिन्यात आईचे बोट धरून आलेले सहा वर्षांचे मूल दारात उभे राहते, आणि शिक्षक त्याचे नाव, जन्मतारीख, पालकाचे नाव व व्यवसाय यांची नोंद करतो. त्याच्या दृष्टीने बालकाचा इतिहास येथून सुरू होतो. परंतु एक गोष्ट त्या नोंदवहीत कधीच लिहिली जात नाही. त्याच गावात, त्याच वर्षी जन्मलेली, पण शाळेच्या दारापर्यंत पोहोचूच न शकलेली मुले किती, याचा हिशेब तेथे नसतो. पटावर असतात ती केवळ जगलेली मुले.

जी मुले जगली त्यांच्याविषयीही थोडा विचार करावयास हवा. वर्गात मागे पडणारे, लवकर थकणारे, वारंवार आजारी पडून गैरहजर राहणारे मूल आपण पाहतो आणि त्याला आळशी किंवा मंद ठरवून मोकळे होतो. त्याच्या दुर्बलतेचे मूळ पुष्कळदा त्याच्या जन्मापूर्वीच्या नऊ महिन्यांत व जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असते. मेंदूची वाढ या काळात जितक्या वेगाने होते तितकी पुढे कधीही होत नाही. त्या काळात मातेला पुरेसे अन्न मिळाले नाही, बालकाला अंगावरचे दूध व वरचा आहार वेळेवर मिळाला नाही, किंवा अतिसारासारख्या रोगांनी त्याला पुनःपुन्हा गाठले, तर त्याचा परिणाम पाटीपेन्सिल हाती येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. म्हणून माता-बालकांचे आरोग्य हा केवळ दवाखान्याचा विषय नव्हे. तो शिक्षणाचाही आद्य विषय आहे.

या विषयात गावातील सामान्य स्त्रिया स्वयंसेवेच्या भावनेने किती मोठे काम करू शकतात, ते काम कसे चालते, आणि शाळेने त्याला कोणते साहाय्य करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिले अठ्ठावीस दिवस

बालमृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या असे ध्यानात आले आहे की, पाच वर्षांच्या आत जी मुले दगावतात त्यांपैकी मोठा भाग जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच, त्यातही पहिल्या आठवड्यात, दगावतो. या मृत्यूंची कारणे गूढ नाहीत. मूल दिवस भरण्यापूर्वी किंवा अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे जन्मणे, जन्मतः श्वास न घेणे, जंतुसंसर्ग होणे आणि अंग थंड पडणे ही त्यांतील प्रमुख कारणे होत.

यांतील शेवटचे कारण आपल्या उष्ण देशात अनेकांना नवल वाटावे असे आहे. तथापि ते समजण्यास सोपे आहे. पोटात असताना बालक आईच्या देहाच्या उबेत असते. जन्मताच ते ओल्या अंगाने हवेत येते. त्याच्या देहाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो आणि त्वचेखालची चरबी अल्प असते, त्यामुळे त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. अशा बालकाला लगेच आंघोळ घातली, तर ते आणखी थंड पडते. थंड पडलेले मूल नीट ओढून दूध पीत नाही, दूध न मिळाल्याने त्याच्या अंगी ऊब निर्माण होत नाही, आणि दुर्बल झालेल्या त्या देहात जंतूंचा शिरकाव सहज होतो. अशा रीतीने एका लहानशा चुकीतून अनर्थाची साखळी तयार होते. ती तोडण्यासाठी यंत्रांची आवश्यकता नसते. बाळाला कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसणे, टोपडे घालून गुंडाळणे, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, पहिल्या तासाभरात अंगावर पाजणे आणि आंघोळीची घाई न करणे एवढ्याने ती तुटते.

बाळंतपणानंतर प्रथम येणारे घट्ट, पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकून देण्याची चाल पुष्कळ घरांत होती व काही घरांत अजूनही आढळते. त्याऐवजी बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवतात. वास्तविक त्या चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. ती बाळाची पहिली लसच म्हणावयास हरकत नाही. ती फेकून देऊन त्याजागी बोटाने मध चाटवणे म्हणजे रक्षण काढून घेऊन जंतूंना वाट करून देणे होय. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त पाणीदेखील देण्याचे कारण नाही.

मातेच्या बाबतीतही अशीच स्थिती आहे. बाळंतपणात किंवा त्यानंतर होणारा अतिरक्तस्राव, वाढलेल्या रक्तदाबामुळे येणारे झटके आणि जंतुदोष ही मातामृत्यूची मोठी कारणे आहेत. पंडुरोगाने आधीच क्षीण झालेल्या स्त्रीला थोडाही रक्तस्राव सोसत नाही. या आपत्तींवर उपाय रुग्णालयात आहेत. परंतु रुग्णालयात वेळेवर जावयाचे, तर धोका आहे हे घरातल्या कोणीतरी वेळेवर ओळखले पाहिजे. तेथेच बहुधा घोटाळा होतो. सासू म्हणते, आमच्या वेळी असेच होत असे. नवरा शेतावर असतो. सून बोलत नाही. घटिका निघून जाते.

म्हणजे प्रश्न केवळ औषधाचा वा डॉक्टरचा राहत नाही. धोका घराच्या चार भिंतींच्या आत निर्माण होतो आणि तो ओळखण्याचे ज्ञान घराबाहेर, पुष्कळ दूर असते. या दोहोंमधील अंतर कोणी भरून काढावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडील पूर्वपरंपरा

या प्रश्नाकडे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून विचारवंतांचे लक्ष गेले होते, आणि शिक्षकांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट ही की त्यांत शिक्षक अग्रभागी होते. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. समाजाच्या भयाने गर्भवती विधवा जिवावर उदार होत किंवा जन्मलेल्या अर्भकाचा घात करीत. त्यांना तेथे सुरक्षित बाळंतपणाची सोय मिळाली. तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्यासह रुग्णांची शुश्रूषा करीत असता सावित्रीबाईंना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचारिका व सुईण यांचे शिक्षण घेण्याचा मार्ग मोकळा केला. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसून येताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज सर्वत्र रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयोगाची आठवण देतो. ज्याला आपली गरज आहे तो आपल्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर आपण त्याच्या अंगणात जावे, हे तत्त्व आरोग्यसेवेलाही तंतोतंत लागू पडते.

जामखेडचा अनुभव

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. त्या वेळी त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. म्हणजे साधारणतः दर सहा पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होत असे.

प्रारंभी त्यांनी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत नेमण्याचा प्रयत्न केला. परंतु शहरात शिकलेल्या तरुण मुलीला परक्या खेड्यात एकटीने राहणे कठीण जाई. शिवाय प्रौढ बायका तिचे ऐकावयास तयार नसत. स्वतः कधी बाळंत न झालेल्या मुलीने आम्हांला काय सांगावे, असा त्यांचा सवाल असे. तेव्हा गावातीलच एखादी प्रौढ, संसार केलेली, लोकांच्या विश्वासातील स्त्री निवडून तिला शिकवावे असा विचार पुढे आला. अशा ज्या स्त्रिया पुढे आल्या त्यांतील बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती, आणि अनेकजणी तथाकथित अस्पृश्य समाजातील होत्या.

ठराविक दिवशी या स्त्रिया जामखेडला शिकावयास येत. त्या तेथे एकत्र जेवत व एकत्र निजत. ज्यांनी जन्मभर एकमेकींच्या हातचे पाणी प्याले नव्हते त्यांना हा पहिला धडा होता. पुस्तकाचा उपयोग नसल्याने सारे शिक्षण चित्रे, गोष्टी, प्रत्यक्ष तपासणी आणि पुनःपुन्हा सांगणे यांच्या आधारे चाले. एका वेळी थोडेच शिकवावे, ते गावात जाऊन करून पाहावे आणि पुढच्या भेटीत आलेल्या अडचणी मांडाव्यात, अशी पद्धत होती. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही अत्यंत शुद्ध पद्धत होय. ज्ञान आणि कृती यांत तेथे अंतर पडत नसे.

या ग्राम आरोग्य सेविकांसमोरचा अडथळा औषधाच्या अभावापेक्षा समजुतींचा अधिक होता. गर्भवतीने पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, अशी भीती होती. अतिसार झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याची रीत होती. बाहेरच्या डॉक्टरने या समजुतींना अज्ञान म्हटले असते, तर घरातील दारे बंद झाली असती. परंतु शेजारीण म्हणून वाढलेली स्त्री जेव्हा स्वतःच्या सुनेला पोटभर खाऊ घालते आणि नातू सुखरूप जन्मतो, तेव्हा त्या गोष्टीला उपदेशाहून निराळे वजन येते.

या कामाचा दुसरा विशेष हा की आरोग्याचा विचार तेथे सुटा केला गेला नाही. शेतकरी मंडळे व महिला मंडळे निर्माण झाली. पिण्याचे पाणी, मुलांना पूरक आहार, वृक्षलागवड, स्त्रियांना चरितार्थाचे साधन, हे विषय हळूहळू त्यात आले. कारण स्वच्छ पाणी नसलेल्या गावात अतिसाराचे औषध वाटत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या आरोग्यकार्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जामखेडचा समावेश होता. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिकाने गौरविण्यात आले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष एवढाच की, निरक्षरता ही बुद्धीची उणीव नव्हे. योग्य शिकवणारा मिळाल्यास जे ज्ञान प्राण वाचवते ते निरक्षर स्त्रीही आत्मसात करू शकते.

गडचिरोलीचा अनुभव

जामखेडने जे दाखविले त्याला आकड्यांची भक्कम जोड मिळाली ती गडचिरोली जिल्ह्यात. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा असल्याचे दिसून आल्यावर खेड्यातील कार्यकर्ते व सुईणी यांनाच हा रोग ओळखण्यास व त्यावर तोंडाने द्यावयाचे औषध देण्यास शिकविण्यात आले. न्यूमोनियात बालकाचा श्वास जलद होतो. दोन महिन्यांहून लहान बालकाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले, तर धोका समजावा. परंतु जिला साठपर्यंत मोजता येत नाही अशा सुईणीने हे कसे ओळखावे? त्यासाठी मणी बसविलेले एक साधे साधन योजण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळूचे घड्याळ मिनिट पुरे झाल्याचे दाखविते. मिनिट संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजावा. मणी सरकवून अंकज्ञान देण्याची रीत आपण पहिलीच्या वर्गात रोजच वापरतो. तीच रीत येथे मुलांचे प्राण वाचविण्याच्या उपयोगी पडली.

पुढे लक्ष नवजात बालकांकडे वळले. १९९५-९६ मध्ये ३९ खेड्यांतील ७६३ नवजात बालकांचे त्यांच्या घरी निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५४.४ टक्के बालकांना वैद्यकीय उपचारांची गरज भासेल असे आजार झाले होते. प्रत्यक्षात वैद्यकीय साहाय्य मिळाले ते केवळ २.६ टक्के बालकांना. या दोन आकड्यांमधील दरी म्हणजेच घर आणि दवाखाना यांमधील अंतर होय.

ही दरी भरून काढण्यासाठी प्रत्येक गावातील पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या एका स्त्रीला 'आरोग्यदूत' म्हणून शिकविण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे, वजन व तापमान घेणे, ऊब राखणे, आईला पाजण्यास मदत करणे, ठरलेल्या दिवशी घरी भेट देणे आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच आईबापांच्या संमतीने औषधोपचार करणे, ही तिची कामे. हे सारे काटेकोर देखरेखीखाली चाले. १९९३-९५ मध्ये त्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत असत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ पर्यंत खाली आले. तुलनेसाठी निवडलेल्या, परंतु ही सेवा नसलेल्या ४७ खेड्यांत त्याच वर्षी ते ५९.६ होते. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

आशा स्वयंसेविका व तिचे काम

या अनुभवांचा उपयोग राष्ट्रीय पातळीवर झाला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि त्यात साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' स्वयंसेविका असावी असे ठरले. आदिवासी व डोंगराळ भागात वस्तीगणिक निवड करण्याची मुभा आहे. २०११ पासून नवजात बालकाच्या गृहभेटींचे काम तिच्याकडे आले. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीची आणखी एक भेट. २०१८ पासून तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यांतही भेटींची योजना आहे.

आता बाळंतपणे बहुतांशी रुग्णालयांत होतात, मग घरी जाण्याचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी परतते. त्यानंतरचे पंचवीस दिवस बाळ घरीच असते, आणि जंतुदोष बहुधा त्याच काळात होतो. भेटीचे दिवस ठरवून दिले आहेत ते याचसाठी.

पुढील लक्षणे दिसल्यास बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते : दूध ओढणे बंद होणे वा मंदावणे, रडणे क्षीण होणे, हातपाय सैल पडणे, अंग थंड किंवा तापलेले असणे, श्वास जलद होणे वा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, नाळेतून पू येणे, झटके येणे. मातेच्या बाबतीत रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, झटके, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव ही धोक्याची चिन्हे होत. ही लक्षणे प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांना पाठ असावयास पाहिजेत.

या प्रयत्नांचा परिणाम दिसू लागला आहे. आरोग्यसेवकांनी गर्भवतींना दिलेल्या लसी व स्वच्छ बाळंतपणाचा प्रसार यांमुळे माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली मान्य करण्यात आले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी १६ होते, तर संपूर्ण देशाचे २८. तरीही सरासरीचा आकडा सर्वत्र सारखा लागू पडत नाही. डोंगरातील पाडा, ऊसतोडणीच्या टोळीबरोबर फिरणारे कुटुंब, शहराच्या कडेची वस्ती यांची गाथा निराळीच असते. टोळीबरोबर गेलेली गर्भवती आपल्या गावच्या स्वयंसेविकेच्या यादीत असते, पण घरी नसते. आणि जेथे ती असते तेथील यादीत तिचे नाव नसते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या मुलीचीही हीच गत होते.

सेवा आणि मोबदला

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. 'स्वयंसेविका' या शब्दाचा अर्थ काय समजावयाचा? आशा ही वेतनी नोकर नव्हे. तिला कामानुसार मोबदला मिळतो. परंतु कालांतराने तिच्यावर सर्वेक्षणे, नोंदी, साथीच्या काळातील कामे यांचा भार वाढत गेला. कोरोनाच्या साथीत ती घरोघर फिरली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस व २०२४ च्या आरंभी मोबदल्याच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तक यांना संप करावा लागला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्यास विचार करण्याजोगे बरेच काही आहे.

स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या इच्छेने आणि जिव्हाळ्याने केलेले काम. समाजाने फुकट घेतलेले काम म्हणजे स्वयंसेवा नव्हे. रात्री दोन वाजता गर्भवतीबरोबर रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रीची कळकळ पैशाने विकत घेता येत नाही, हे खरे. म्हणून तिच्या रोजीची चिंता समाजाने करू नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही. जामखेडमध्येही सेविकांच्या चरितार्थाचा विचार आरोग्याबरोबरच केला गेला होता. गावाने तिला मान द्यावा, तिच्या भेटीची कदर करावी आणि तिचा वाजवी मोबदला वेळेवर मिळावा असा आग्रह धरावा. एवढे झाले, तरच तिच्या जिव्हाळ्याला दीर्घायुष्य लाभेल.

शाळेने काय करावे

शिक्षकाने डॉक्टर व्हावे किंवा आशा स्वयंसेविकेचे काम स्वतः करावे, अशी अपेक्षा येथे मुळीच नाही. शिक्षकांवर आधीच अनेक कामांचा भार आहे. परंतु अध्यापनाच्या ओघातच पुढील गोष्टी सहज घडू शकतील.

पहिली गोष्ट, पाठ्यविषयांची सांगड. तक्ते व आलेख शिकविताना बालकाच्या वजनाचा आलेख घ्यावा. वय आडव्या रेषेवर, वजन उभ्या रेषेवर. रेषा वर गेली तर वाढ ठीक, सपाट झाली तर सावध व्हावयाचे, आणि खाली आली तर धोका. अंगणवाडी सेविकेच्या साहाय्याने नावे वगळून काही आलेख मिळवावेत. रेषा खाली येण्यापूर्वी ती सपाट होते, एवढे एक सत्य मुलांना उमगले, तरी पुढे ती मुले आईबाप होतील तेव्हा त्याचा उपयोग होईल. मोजमापाच्या पाठात एक लीटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घेऊन जलसंजीवनी तयार करून दाखवावी. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, हेही सांगावे. मापाचे महत्त्व पटविण्यास याहून चांगला पाठ नाही.

दुसरी गोष्ट, स्वयंसेविकेला शाळेत बोलावणे. वर्षातून एकदा तरी तिने वर्गात येऊन आपल्या पिशवीतील वजनकाटा, तापमापक व घड्याळ मुलांना दाखवावे. ज्या स्त्रीला शिक्षक सर्वांसमक्ष आसन देतो व 'ताई' म्हणून संबोधितो तिचे म्हणणे गाव ऐकतो. शिक्षकाच्या हाती असलेली ही सत्ता लहान नाही.

तिसरी गोष्ट, माहितीची देवाणघेवाण. हंगामासाठी कोणते कुटुंब केव्हा गाव सोडणार आहे हे शाळेला लवकर कळते, कारण मुलांची गैरहजेरी सुरू होते. त्या कुटुंबात गर्भवती किंवा तान्हे मूल असल्याची जाणीव स्वयंसेविकेला करून दिल्यास माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर देणे व पुढील मुक्कामाच्या आरोग्य केंद्राचा पत्ता सांगणे तिला शक्य होते.

चौथी गोष्ट, मोठ्या मुलींचे शिक्षण. जी मुलगी आज सातवीत शाळा सोडते तिचे लग्न लवकर होण्याचा संभव असतो, आणि कोवळ्या वयातील मातृत्व आई व बाळ या दोघांनाही धोक्याचे असते. मुलीला शाळेत टिकवून ठेवणारा शिक्षक माता-बालकांच्या आरोग्याची सेवाच करीत असतो.

या सर्व प्रयत्नांत एक पथ्य अवश्य पाळावे. मुलांना घरच्या माणसांच्या चुका काढावयास लावू नये. 'तुझ्या आजीने बाळाला मध का चाटवला?' असे वर्गात विचारल्यास मूल खजील होते आणि घर दुरावते. आजीने जे केले ते मायेपोटीच केलेले असते. त्या मायेला नवीन ज्ञानाची जोड मिळवून देणे एवढेच आपले काम. ज्या घरातील बालक दगावले आहे त्या घरातील मुलाविषयी तर विशेष हळुवारपणा हवा.

समारोप

जामखेड व गडचिरोली येथील अनुभवांतून एक गोष्ट स्पष्ट होते. माता-बालकांचे प्राण वाचविणारे ज्ञान फार कठीण नाही. ते पाचवी शिकलेल्या, किंबहुना अक्षरही न येणाऱ्या स्त्रीला शिकविता येते. मात्र तीन गोष्टी आवश्यक असतात : ती स्त्री गावाने विश्वासाने निवडलेली असावी, तिला सतत शिकविणारा व तिच्यामागे उभा राहणारा कोणी असावा, आणि गरज पडताच उपचार करणारे रुग्णालय तिच्या हाकेला ओ देणारे असावे. यांपैकी एक जरी नसेल, तरी तिची पिशवी निरुपयोगी ठरते.

गावावर विश्वास असणारा आणि सतत शिकविणारा, असा दुसरा माणूस प्रत्येक गावात आहे. तो प्राथमिक शिक्षक होय. स्वयंसेविकेचे काम पहिल्या बेचाळीस दिवसांत अधिक असते, शिक्षकाचे सहाव्या वर्षानंतर सुरू होते. दोघांच्या हाती एकच मूल आहे. पुढील जून महिन्यात नोंदवहीचे नवे पान उघडताना प्रत्येक शिक्षकबंधूने व भगिनीने क्षणभर थांबून गावच्या जन्मनोंदीवर दृष्टी टाकावी आणि सहा वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी पटावर न आलेल्यांची नावे मोजून पाहावी. काही कुटुंबे परगावी गेली असतील. जी गेली नाहीत त्यांच्याविषयी स्वयंसेविकेशी बसून बोलावे. त्या संभाषणातूनच पुढच्या वर्षीच्या कामाची दिशा सापडेल.